म्हातारा, बुजरा कुत्रा घरात रुळवताना

निवाऱ्यातून आणलेला नऊ-दहा वर्षांचा कुत्रा पलंगाखाली शिरला की घरची मंडळी हमखास आत हात घालतात. तो गुरगुरतो, आणि ‘चावरा’ असा शिक्का बसतो. म्हाताऱ्या कुत्र्याच्या भीतीत धास्ती किती, दुखणं किती आणि अधू झालेली नजर किती, हे वरवर पाहून सांगता येत नाही. म्हणून तिन्हींची सोय एकदमच करायची.

१. आणण्याआधी लादी बघा. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकतात, सांधे दुखतात, आणि एकदा घसरलेला कुत्रा ती खोली ओलांडायलाच तयार होत नाही. लोक त्याला हट्ट म्हणतात. अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत रबरी तळाची पायपुसणी सलग टाका. नुसती सतरंजी घातलीत तर तीच घसरेल. अंथरूण येण्याजाण्याच्या वाटेवर नको, टीव्हीशेजारी नको. जाड गादी आणि दोन बाजूंना भिंत असलेला कोपरा उत्तम. रात्री एक मंद दिवा चालू ठेवा. सामानाची जागा महिनाभर बदलू नका.

२. पळून जाण्याचा धोका पहिल्या दिवसांत सर्वांत जास्त. घाबरलेला कुत्रा मागे सरकत गळपट्ट्यातून डोकं सोडवतो. हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) आणि गळपट्टा दोन्ही घाला, दोन्हींना दोरी लावा. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तिसरं नको. बिल्ल्यावर फोन नंबर हवा. घराचं दार उघडण्याआधी तो दुसऱ्या खोलीत आहे ना, ते पाहा.

३. पहिले तीन दिवस आंघोळ नाही, पाहुणे नाहीत, फोटोसाठी मांडीवर घेणं तर नाहीच. दोन मीटर लांब, त्याच्याकडे कूस करून जमिनीवर बसा. उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे त्याच्या बाजूला टाका आणि उठून जा. तोंड फिरवणं, ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, हे सगळं ‘थांबा’ असं सांगणं आहे. गुरगुरल्यावर रागावू नका. तो इशारा बंद झाला की पुढच्या वेळी थेट दात लागतात. तो आपणहून जवळ आला तर छातीपाशी तीन सेकंद खाजवून हात काढा. परत टेकला तरच पुढे. ऐकू कमी येत असेल तर झोपेत स्पर्श करू नका; आधी जमिनीवर पाय आपटा, हादरा त्याला कळतो.

४. आधीचंच अन्न चार दिवस द्या, मग आठवडाभरात थोडं थोडं नवं मिसळा. एकदम बदललं की जुलाब होतात. वरण-भात चालेल, पण कांदा-लसणाची फोडणी नको. कांद्याने त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. पहिल्या दिवशी न खाणं नेहमीचं आहे. दोन दिवस उलटले, किंवा पाणीही पीत नसेल, तर व्हेटकडे (जनावरांच्या डॉक्टरकडे) न्यायला थांबू नका.

५. पहिल्या आठवड्यात व्हेट. दात, सांधे, डोळे, कान आणि रक्ताची तपासणी सांगा. मूत्रपिंड, यकृत आणि गोचीडताप यांचा उल्लेख मुद्दाम करा. गोचीडताप कित्येक महिने लपून राहू शकतो आणि नुसती मरगळ दिसते. दुखतंय म्हणून घरातली आयब्युप्रोफेन देऊ नका, पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडालाही इजा होते. पुष्कळदा सांधेदुखीवर योग्य औषध सुरू झालं की ‘भित्रा’ कुत्रा आपणहून दाराशी येतो.

६. घरात लघवी केली तर ओरडू नका. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि दिवसा दर तीन-चार तासांनी एकाच जागी न्या, वाट तीच ठेवा. जमलेलं अचानक बिघडलं तर लघवी तपासा. लिफ्टला घाबरत असेल आणि कुत्रा पेलवण्यासारखा असेल तर उचलून न्या; जिने दुखऱ्या सांध्यांना जड जातात.

रुळायला तीन महिने लागले तरी ते उशिरा नव्हे. मध्ये दिवाळी येत असेल तर फटाक्यांसाठीच्या औषधाबद्दल व्हेटना तीन आठवडे आधी विचारा, आणि त्यांनी दिलेला डोस एखाद्या शांत दिवशी देऊन पाहा, म्हणजे त्याला किती गुंगी येते ते धनत्रयोदशीच्या आधीच कळेल.