जुन्या पिकअपचा मागचा फाळका नव्याने घडवताना

फाळका म्हणजे पिकअपच्या मागचं खाली उघडणारं दार. माझा पहिला फाळका मी जुना फाळका पत्र्यावर पालथा घालून, कडेकडेने आखणीची सुई फिरवून आखला होता. गाडीवर चढवला तेव्हा वर दोन्हीकडे अंगठा जाईल एवढी फट पडली आणि खाली पत्रा पत्र्याला घासायला लागला. जुन्या फाळक्याच्या खालच्या कोपऱ्यांना कधीतरी ठिगळं मारली होती, त्यात त्याची रुंदी वाढली होती. शिवाय हौद्याच्या, म्हणजे माल ठेवायच्या मागच्या पेटीच्या, बाजू वरून बाहेर कलल्या होत्या. तेव्हापासून मी माप घेते ते हौद्याचं. जुना फाळका जवळ असतो तो बिजागरीच्या पिनांची जागा, पन्हळींची (पत्र्यात दाबून उठवलेल्या लांब खाचांची) खोली आणि अक्षरं बघायला.

मापाआधी हौदा सरळ करायचा. बंद फाळका आणि त्याच्या कड्या दोन्ही बाजूंना एकमेकींकडे ओढून धरतात. फाळका वर्षभर जरी काढून ठेवला, तरी बाजू हळूहळू फाकतात. म्हणून रॅचेटचा पट्टा आडवा लावून त्या आत ओढा आणि तळाशी, मध्ये व वर अशी तीन ठिकाणी रुंदी मोजा. मग दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत तीन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर हौद्याचे बोल्ट ढिले करून तो आधी गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणा. वाकड्या हौद्यासाठी वाकडा फाळका करायचा मोह होतो, पण पुढे कधी हौदा दुरुस्त केला की फाळका परत करावा लागतो. दोन्ही बाजूंना सव्वा ते दीड सूत, म्हणजे चार-पाच मिमी मोकळी जागा सोडा. प्रायमर आणि रंगाचे थर चढल्यावर ती आणखी थोडी कमी होते.

आता पुठ्ठ्याचा पूर्ण मापाचा फर्मा कापा, पिनांच्या जागी भोकं पाडा आणि हौद्यात उभा करून उघडझाप करून बघा. खालची कड हौद्याच्या तळाला अडते का, ते इथेच कळतं.

बाहेरच्या अंगाला १.२ मिमीचा, म्हणजे १८ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड, थंड लाटलेला) पत्रा घ्या. आतल्या उभ्या पट्ट्या आणि पिनांजवळचे कोपरे १.६ मिमीचे. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा मी वेल्डिंगच्या कामाला घेत नाही. जस्त जळून जो पांढरा धूर निघतो तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

घडीचा हिशोब कागदावर करत बसू नका. त्याच पत्र्याची १०० मिमीची पट्टी कापा, बरोबर ५० वर रेघ मारा आणि ज्या मशीनवर काम करणार त्यावरच काटकोनात वाकवा. दोन्ही पाय बाहेरून मोजा. बेरीज १०२ च्या आसपास आली तर दर घडीमागे दोन मिमी कमी धरायचे. चारही कडांना घडी असलेल्या फाळक्यात हे धरलं नाही, तर उंची आणि रुंदी दोन्ही चार-चार मिमीने वाढतात आणि सोडलेल्या फटीतली निम्मी जागा तिथेच संपते.

पन्हळी आधी पाडा, घड्या नंतर. पन्हळ पाडताना पत्रा आखडतो, म्हणून तो सगळीकडून दहा मिमी मोठा कापायचा, पन्हळी पाडायच्या आणि मगच अंतिम मापाला आणायचा. पन्हळी नकोत म्हणून सपाट ठेवला तर मधला भाग बोटाने दाबला की टक् करून आत जातो आणि सोडला की बाहेर येतो. आतून पट्ट्या लावूनही हे पूर्ण जात नाही. घडी घालण्याआधी कोपऱ्यात, जिथे दोन घड्या भेटतात तिथे, तीन मिमीचं भोक पाडा. नाहीतर पत्रा कोपऱ्यातून फाटायला सुरुवात होते.

वरची कड गोल हवी. माल चढवताना उतरवताना सगळा भार तिच्यावर येतो. मी २५ मिमी व्यासाच्या पाइपवर पत्रा अर्धा वळवते. त्यासाठी सरळ भागाच्या पुढे ४१ मिमी पत्रा जास्त धरायचा. पाइप शिकंज्यांनी घट्ट आवळा आणि लाकडी हातोड्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोडं थोडं वळवत जा. एका जागी पूर्ण वळवून पुढे सरकलात तर कड लाटेसारखी होते. पाच-सहा फेऱ्यांत ती पाइपला चिकटून बसते.

अक्षरांचं काम मला सगळ्यात जास्त आवडतं. जुन्या फाळक्यावरची उठावाची अक्षरं गंजाने खालून खाल्ली नसतील तर तो पट्टाच कापून नव्यात बसवा. कापण्याआधी त्यावर पातळ कागद ताणून चिकटवा आणि पेन्सिलीचं शिसं आडवं धरून घासा. एकेका अक्षराची कड, तिरपेपणा, वरच्या कडेपासूनचं अंतर, सगळं कागदावर उतरतं. पुढे पट्टा एक मिमीने जरी सरकला तरी हा कागद सांगतो.

पट्टा बसवताना पत्र्याला पत्रा टेकलेला हवा, फट नखाएवढीही नको. वेल्डिंगच्या ०.६ मिमीच्या तारेने टाके (वेल्डचे छोटे ठिपके) घाला: एक डाव्या टोकाला, एक उजव्या टोकाला, एक मध्ये, मग त्यांच्या मधल्या जागा. दर टाका गार होऊ द्यायचा. गार होताना तो आजूबाजूचा पत्रा स्वतःकडे ओढतो. म्हणून टाका घासून सपाट केला की मागे डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून त्यावर हलके ठोके द्यायचे, म्हणजे आखडलेलं परत पसरतं. टाक्यांमधलं अंतर भरत भरत शिवण पूर्ण व्हायला मला एक अख्खी दुपार लागते. घाईने सलग ओढलेली शिवण मधूनच खोलगट होते आणि मग ती पुट्टीने झाकावी लागते. उंचसखलपणा तपासताना तळव्याखाली सुती रुमाल धरून हात फिरवा. उघड्या हाताला जे लागत नाही ते रुमालाखाली लागतं.

आता बिजागरी. बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये फाळका खालच्या दोन कोपऱ्यांतल्या पिनांवर फिरतो. दोन्ही बुश (पिना ज्यांत फिरतात त्या नळ्या) एका रेषेत नसतील तर फाळका उघडताना पिळतो आणि काही महिन्यांत कोपऱ्याला चीर पडते. एक लांब, सरळ गोल सळई दोन्ही बुशांतून आरपार घाला, ती आत असतानाच टाके घाला आणि प्रत्येक टाक्यानंतर सळई बोटांनी फिरवून बघा. अडली की टाका तोडा. गाडीवर फक्त टाके घालायचे, तेही बॅटरी सोडवून आणि इंधनाची टाकी जवळ असेल तर उतरवून. पुरं वेल्डिंग फाळका खाली काढूनच.

साखळीचा हूक जिथे बसतो तिथे आतून तीन मिमीची पट्टी हवीच. जुने फाळके मी पाहिले ते बहुतेक इथेच फाटलेले होते, कारण पातळ पत्रा एकटाच सगळा झटका घेत होता. दोन्ही साखळ्यांच्या कड्या मोजून सारख्या ठेवा आणि फाळका उघडल्यावर हौद्याच्या तळाच्या पातळीत राहील एवढीच लांबी धरा. साखळीवर रबरी नळी चढवली तर रंगाला ओरखडे पडत नाहीत.

आतली पट्टी बंद करण्याआधी आतून इपॉक्सी प्रायमर मारा. जिथे वेल्डिंग होणार तिथे जस्ताचा वेल्डिंगयोग्य प्रायमर, तोही पातळ. खालच्या शिवणीत सर्वांत खोल जागी आठ मिमीची तीन भोकं ठेवा. वरच्या आणि बाजूच्या शिवणी सीलंटने बंद करायच्या, खालची उघडी. रंग वाळल्यावर भोकांतून आत मेणाचा फवारा द्या. पण मेण घालण्याआधी बादलीभर पाणी फाळक्यावरून वरून खाली ओता आणि भोकांकडे बघत बसा. पाणी कुठूनही आत शिरलं असेल तर पाचेक मिनिटांत सगळं बाहेर यायला हवं. थेंब थांबल्यावर फाळका हलवा. आत पाणी खळखळलं तर भोक चुकीच्या जागी आहे. शिवण जिथे सर्वांत खाली लटकते तिथे नवं भोक पाडा, कड प्रायमरने झाका आणि पुन्हा एक बादली ओता.