मिररलेस कॅमेऱ्याची बॅटरी लवकर उतरते? नवी बॅटरी मागवण्याआधी या चुका टाळा

मिररलेस कॅमेऱ्यावर दुसऱ्या कंपनीची लेन्स चढवली आणि बॅटरी भराभर उतरू लागली, की आपल्याकडील बहुतेक नवे छायाचित्रकार सर्वांत आधी आणखी दोन बॅटऱ्या मागवतात. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत मला हेच दिसते आणि ते पाहून वाईट वाटते, कारण दोष बहुतेक वेळा बॅटरीत नसतोच. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा चालू असेपर्यंत त्याचा सेन्सर आणि पडदा किंवा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) यांना वीज लागतच राहते. लेन्समधले उजेड कमी-जास्त करणारे छिद्र, फोकसची मोटर आणि कंपनरोधक यंत्रणा हे सारे माउंटवरच्या, म्हणजे लेन्स बसवायच्या कड्यावरच्या, पिनांमधून त्याच बॅटरीची वीज घेते. म्हणून कॅमेरा आणि लेन्स यांची जोडी एकत्र तपासल्याशिवाय निदान होत नाही.

आपली अपेक्षा रास्त आहे का, हेही आधी पाहावे. सोनीच्या ए६४०० या कॅमेऱ्यामधील एनपी-एफडब्ल्यू५० ही बॅटरी १०२० एमएएच क्षमतेची आहे आणि सीपा या जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघटनेच्या मानकानुसार तिच्यावर पडद्यातून सुमारे ४१० व व्ह्यूफाइंडरमधून सुमारे ३६० छायाचित्रे निघतात. सोनीच्याच ए७ थ्रीमधील एनपी-एफझेड१०० ही २२८० एमएएचची असून तिचे हेच आकडे सुमारे ७१० आणि ६१० आहेत. लहान बॅटरीच्या कॅमेऱ्यावर मोठी टेलिलेन्स लावून दिवसभर समुद्री गरुडाच्या मागे फिरणाऱ्याने मोठ्या बॅटरीच्या कॅमेऱ्याशी तुलना करून तक्रार करू नये.

आता ज्या चुकीने लोकांचे सर्वाधिक पैसे वाया जातात, तिच्याकडे वळतो. ती म्हणजे बंद कॅमेऱ्याला निर्धास्त समजणे. कुडाळचा एक तरुण लग्नांची आणि जत्रांमधल्या दशावताराची छायाचित्रे काढतो. जुन्या डीएसएलआरच्या (आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) लेन्स तो अडॅप्टर, म्हणजे मधले जोडकडे, लावून मिररलेसवर वापरत असे. रात्री बॅटरी पूर्ण भरून, कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवायचा आणि सकाळी पाहावे तर बॅटरी बरीच उतरलेली. त्याने कंपनीच्या नव्या बॅटऱ्या घेतल्या, चार्जर बदलला आणि शेवटी कॅमेरा शहरातील दुरुस्ती केंद्रात पाठवला. तो ‘कोणताही दोष नाही’ असा शेरा घेऊन परत आला, कारण त्याने पाठवली होती ती नुसती बॉडी. लेन्स आणि अडॅप्टर घरीच होते.

तो माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला एकच काम सांगितले. एका रात्री नेहमीची लेन्स अडॅप्टरसह लावून कॅमेरा बंद ठेवायचा, दुसऱ्या रात्री तीच बॅटरी पुन्हा पूर्ण भरून आणि लेन्स व अडॅप्टर काढून फक्त बॉडीकॅप (माउंटचे झाकण) लावून ठेवायचा आणि दोन्ही सकाळचे आकडे लिहायचे. बॉडीकॅपच्या रात्री बॅटरी जशीच्या तशी राहिली. मग त्याच बॉडीवर कंपनीची साधी लेन्स लावून पाहिली, तेव्हाही ती उतरली नाही. राहिला अडॅप्टर. काही अडॅप्टर कॅमेरा बंद झाला तरी पुरते झोपत नाहीत आणि थोडी थोडी वीज घेत राहतात. अडॅप्टरचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतले सॉफ्टवेअर, नवे केल्यावर त्या तरुणाचा त्रास बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. म्हणून आता पिशवी बंद करताना बॅटरी बाहेर काढायची सवय त्याने लावून घेतली आहे. मीसुद्धा अडॅप्टर लावलेल्या कॅमेऱ्यात रात्रभर बॅटरी ठेवत नाही. ही तपासणी फुकट आहे, तिला फक्त दोन-तीन रात्री द्याव्या लागतात. तेवढा धीर नसणाऱ्या माणसाला नवी बॅटरी विकणे फार सोपे जाते.

दुसरी चूक मेनूतली आहे. प्री-एएफ किंवा तत्सम नावाची सोय चालू असेल, तर शटरचे बटण अर्धे दाबण्याआधीच लेन्स सतत फोकस शोधत राहते. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालू असतो, तेव्हा गळ्यात कॅमेरा अडकवून उभे राहिले तर समोरून टोपल्या, माणसे आणि होड्या सारख्या हलत असतात. एकही फोटो न काढता मोटर अखंड राबते. जुन्या लेन्सच्या जड मोटरीला अडॅप्टरमधून असे राबवले, तर ती घरघर ऐकूसुद्धा येते. दशावतारासारख्या अंधुक उजेडाच्या प्रयोगात तर फोकस सापडेपर्यंत लेन्स मागे-पुढे धावतच राहते. कॅमेरा हातात आल्यावर मी सर्वांत आधी ही सोय बंद करतो. त्यामुळे पहिला फोटो थोडा उशिरा निघतो, अशी तक्रार ऐकू येते. त्यावर उपाय बटण वेळेवर अर्धे दाबण्याचा सराव हाच आहे.

कॅमेरा स्लीपमध्ये जातो का, हे कानाने तपासावे. कंपनरोधक असलेली लेन्स कानाजवळ धरली तर बारीक गुणगुण ऐकू येते, आणि पडदा विझल्यावर थोड्या वेळाने ती थांबली पाहिजे. ती चालूच राहिली, तर त्या लेन्सचे आणि बॉडीचे फर्मवेअर आधी नवे करावे. टॅमरॉनच्या नव्या लेन्सवर त्यासाठी यूएसबी-सीचे छिद्र असते, विल्ट्रॉक्सच्या अनेक लेन्सना ते माउंटपाशी असते, आणि सिग्माच्या सोनी माउंटच्या लेन्स कॅमेरा संगणकाला जोडून अद्ययावत करता येतात. लेन्स घेतल्यापासून तिचे फर्मवेअर एकदाही न पाहणारे लोक मला सतत भेटतात.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. परदेशी लेखांमध्ये थंडीमुळे बॅटरी उतरते असे लिहिलेले असते. ते खरे आहे, पण तारकर्लीत किंवा गुहागरात त्याचा काही संबंध नाही. आपला शत्रू खारा दमट वारा आहे. माउंटवरच्या पिनांवर मिठाचा पातळ थर बसला की लेन्स आणि बॉडी यांचा संवाद तुटत राहतो आणि लेन्स पुन्हा पुन्हा स्वतःला चालू करून घेते. सांधे झाकणारी रबरी कडा नसलेल्या स्वस्त अडॅप्टरमध्ये हे लवकर होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब मऊ, तंतू न सोडणाऱ्या कापडावर घेऊन पिना हलक्या हाताने पुसाव्यात आणि कोरड्या झाल्यावरच लेन्स लावावी. खोडरबराने पिना घासण्याचा सल्ला कृपा करून कोणी देऊ नये, त्याने सोन्याचा मुलामा झिजतो आणि खोडरबराचा भुगा माउंटमध्ये पडतो.

गळ्यात लटकणाऱ्या कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडरचा सेन्सर शर्टाला डोळा समजून चालू राहतो. मोबाइलशी जोडलेले ब्लूटूथ काही कॅमेऱ्यांत बंद अवस्थेतही जागे असते, त्यामुळे काम नसताना विमान मोड लावावा. विजेचे संपर्क नसलेल्या पूर्ण मॅन्युअल लेन्स स्वतः काहीही वीज घेत नाहीत, म्हणून त्यांच्यावर संशय घेऊ नये. मात्र दृश्य मोठे करून फोकस साधताना पडदा जास्त वेळ चालू राहतो, हे ध्यानात ठेवावे.

स्वस्त बॅटऱ्यांच्या वेष्टनावरचा एमएएचचा आकडा मी ग्राह्य धरत नाही. बाहेरच्या कंपनीची घ्यायचीच असेल तर आधी मूळ बॅटरीवर दोष कुठे आहे ते शोधावे, नाहीतर एका कोड्यात दुसरे कोडे मिसळते. कॅननच्या अनेक कॅमेऱ्यांत मूळ बॅटरीची पुनर्भरणक्षमता आणि निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांत तिचे वय मेनूतच दिसते. तेथे वाईट शेरा असेल तर बॅटरी जरूर बदलावी. आणि कॅमेरा दुरुस्तीला पाठवावा लागलाच, तर लेन्स, अडॅप्टर, ज्या बॅटरीवर त्रास होतो ती बॅटरी आणि रात्रीचे लिहून ठेवलेले आकडे हे सारे सोबत पाठवावे.