एअर लाईनला पीव्हीसी नको, मग काय घालायचं?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझं छोटं शेड आहे. दोन सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशिनी), एक लेथ आणि ५ एचपीचा कॉम्प्रेसर. शेड घेतलं तेव्हा पाण्याच्या पीव्हीसी पाइपातून हवेची लाईन आधीच फिरवलेली होती. "दहा किलोचा पाइप हाय मालक, काय होत नाही," असं प्लंबरही म्हणाला, म्हणून तशीच ठेवली. मे महिन्यातल्या एका दुपारी पत्र्याखाली तापलेला तो पाइप फुटला. लेथवरच्या पोराच्या कानाजवळून एक तुकडा गेला आणि मागच्या कपाटाच्या पत्र्यावर आदळला. उचलून पाहिला तर कडेला काचेसारखी धार. त्याच संध्याकाळी सगळी लाईन खाली उतरवली.

पाइपावर छापलेले ते दहा किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला दहा किलो दाब, आणि ते पाण्यासाठी असतात, तेही साधारण २७ अंश तापमानाला. पत्र्याखाली उन्हाळ्यात त्याहून कितीतरी जास्त तापतं आणि पीव्हीसीची ताकद झपाट्याने उतरते. दुसरं म्हणजे पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पाइप चिरला की धार लागते आणि दाब लगेच संपतो. हवा मात्र स्प्रिंगसारखी दाबून बसलेली असते. चीर पडली की ती एकदम फुगते आणि पाइपाचे तुकडे उडवते. गरम पाण्यासाठी वापरतात त्या सीपीव्हीसीचंही तेच. स्वस्त पडतो म्हणून यातलं काहीही हवेसाठी वापरू नका, हे मी हात जोडून सांगतो.

मी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप घातला. घेताना पाइपावरच्या पट्ट्याचा रंग बघा: पिवळा ए क्लास, निळा बी, लाल सी. ए क्लासची भिंत पातळ, त्यात आटे पाडले की आणखी पातळ होते. म्हणून निळ्या पट्ट्याचा घ्या. माझी मुख्य लाईन १ इंची आहे आणि मशीनकडे उतरणाऱ्या फांद्या अर्धा इंची. ५ एचपीला एवढं भरपूर होतं. जीआयचा दोष असा की काही वर्षांनी आतून गंज आणि जस्ताची खपली सुटते आणि मशीनच्या सोलेनॉइड वाल्व्हमध्ये (विजेने उघडझाप होणाऱ्या झडपेत) जाऊन अडकते. त्यामुळे प्रत्येक मशीनच्या तोंडाला फिल्टर हवाच. जोडणी झाल्यावर मशीन लावण्याआधी लाईन मोकळी सोडून जोरात हवा मारा. आटे पाडताना आत राहिलेला बुरा त्यात निघून येतो.

पैसे असतील तर ॲल्युमिनियमचा तयार पाइप उत्तम. गंज नाही, आतून गुळगुळीत, हलका, आणि जोड नुसता दाबून बसतो. मीटरचा भाव जास्त, पण मजुरीत बराच वाचतो. कापल्यावर कड मात्र नीट घासा, नाहीतर जोडातली रबरी ओ-रिंग कापली जाते आणि गळती सुरू. तांबं चांगलं, पण महाग. हिरवा पीपीआर (प्लास्टिकचाच) पाइप आपल्याकडे बरेच जण घालतात. तो गरम झाला की नरम पडतो आणि लोंबतो. कंपनीने हवेसाठी चालतो असं लेखी दिलं असेल तरच घाला, क्लॅम्प जवळजवळ मारा आणि कॉम्प्रेसरजवळ तर नकोच. तिथे हवा सगळ्यात गरम असते. पहिला तुकडा धातूचाच, आणि कॉम्प्रेसरच्या हादऱ्यासाठी मध्ये चांगला होज.

आता पाणी. बेळगावच्या पावसाळ्यात हवेतून एवढं पाणी येतं की पहिल्या जुलैत माझ्या एअर गनमधून हवेऐवजी फवारा उडत होता. मुख्य लाईनला शंभर फुटाला एक फूट उतार द्या. फांदी पाइपाच्या पोटातून नाही, पाठीवरून काढा आणि वळवून खाली आणा, म्हणजे तळातलं पाणी मशीनकडे जात नाही. लाईनच्या सगळ्यात खालच्या टोकाला ड्रेन कॉक (पाणी सोडायची तोटी) बसवा. कॉम्प्रेसरच्या टाकीचं पाणी रोज सकाळी सोडायचं, पावसाळ्यात दुपारीही.

मशिनी बंद झाल्यावर साबणाचा फेस ब्रशने प्रत्येक जोडावर लावून बघा. ७ बार दाबाला ३ मिमीचं एक भोक ५ एचपी कॉम्प्रेसरची जवळपास सगळी हवा खाऊन टाकतं आणि बिल आपण भरत बसतो. टेफलॉन टेप गुंडाळताना पुढचे दोन आटे मोकळे सोडा, नाहीतर टेपची चिंधी आत जाते.

आणि लाईन टाकतानाच एक-दोन टी (तीन तोंडांचे जोड) जास्तीचे घालून प्लग मारून ठेवा. मी ठेवले नव्हते. दुसरं सीएनसी आलं तेव्हा चालू लाईन कापून दीड दिवस काम बंद ठेवावं लागलं.