रोल धुण्याचा ड्रम आणि स्पायरल वाळवताना या चुका टाळा

घरी कॅमेऱ्याचे कृष्णधवल रोल धुणाऱ्यांच्या तक्रारी मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. त्यांतल्या पुष्कळ तक्रारींचे मूळ डेव्हलपरच्या, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या, तापमानात नसते. आदला रोल धुऊन झाल्यावर ड्रम (रसायने ओतून रोल धुण्याचा अंधारबंद डबा, म्हणजेच टँक) आणि स्पायरल (ज्याच्या खाचांत फिल्म गुंडाळतात ते चाक) कसे ठेवले, यात असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ओलसर स्पायरलवर पुढचा रोल चढवणे. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो; पाणी लागताच तो फुगून चिकट होतो आणि फिल्मची कड खाचेत सरकण्याऐवजी रुतून बसते. पॅटरसनसारख्या कंपन्यांच्या प्लास्टिकच्या स्पायरलमध्ये फिल्म पुढे ढकलणाऱ्या दोन बारीक गोळ्या असतात. स्पायरल वरून कोरडे दिसले तरी या गोळ्यांमागे थेंब दडून राहतो आणि तो बोटाला लागत नाही.

एका आषाढी वारीत दिवे घाट चढणाऱ्या पालखीचे दोन रोल मी काढून आणले होते. पहिला उत्तम धुतला गेला, म्हणून तेच स्पायरल पंचाने पुसून अर्ध्या तासात दुसरा रोल चढवायला घेतला. बाहेर पाऊस होता, चेंजिंग बॅगेत (अंधारात फिल्म चढवण्याच्या काळ्या पिशवीत) हातांना घाम सुटला होता आणि विसाव्या फ्रेमच्या आसपास फिल्म अडली. तिथेच थांबायला हवे होते, पण मी जोर लावला. धुतल्यावर निगेटिव्हवर नखाएवढे अर्धचंद्राकार डाग निघाले. जिथे दोन वेढे एकमेकांना चिकटले होते तिथे डेव्हलपरही पोहोचला नव्हता आणि चित्र पक्के करणारा फिक्सरही, त्यामुळे दुधाळ पट्टा राहिला. त्या पट्ट्याखाली एका वारकरी आजींचा चेहरा गेला. त्यांच्या डोक्यावरचे तुळशीवृंदावन तेवढे स्वच्छ उमटले आहे.

फिल्म अडलीच, तर ती स्पायरलवरून सोडवून मधल्या नळीसह टँकमध्ये ठेवावी, झाकण घट्ट लावावे, हात बाहेर काढून कोरडे करावेत आणि दुसरे, पूर्ण वाळलेले स्पायरल घ्यावे. एका दिवसात दोन रोल धुण्याची घाई असणाऱ्याने दोन स्पायरले बाळगावीत. मी रोल उतरवताच स्पायरल कोमट पाण्याखाली धरतो, तळहातावर आपटून झटकतो, गोळ्यांच्या जागी ब्लोअरने हवा मारतो आणि सुती फडक्यावर उभे करून रात्रभर पंख्याखाली ठेवतो. पावसाळ्यात पूर्ण दिवस देतो.

हेअर ड्रायर वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो कृपा करून ऐकू नका. उष्णतेने प्लास्टिक केसभर जरी वाकले, तरी ते स्पायरल पुन्हा कधीही सुरळीत चालत नाही.

दुसरी चूक अधिक हळू नुकसान करते. शेवटच्या धुण्यात फोटो-फ्लोसारखा वेटिंग एजंट (फिल्मवर पाण्याचे डाग पडू न देणारे द्रावण) सर्रास टँकमध्येच ओतला जातो. त्याचा पातळ थर खाचांमध्ये वाळतो, प्रत्येक रोलगणिक वाढतो, पुढच्या वेळी डेव्हलपरला फेस आणतो आणि मग वाळलेल्या स्पायरलवरही फिल्म अडू लागते. फिल्म स्पायरलवरून उतरवून वेगळ्या भांड्यातच बुडवावी. रंगीत रोलच्या स्टॅबिलायझर या शेवटच्या रसायनालाही हाच नियम लावावा. थर साचलाच असेल, तर गरम पण उकळते नसलेले पाणी आणि जुना मऊ टूथब्रश पुरतो. काथ्याने किंवा तारेच्या घासणीने खाचा घासू नयेत.

ओल्या ड्रमवर झाकण लावून तो कपाटात ठेवू नये. रबरी कड असलेल्या जोबो कंपनीच्या ड्रमचे झाकण तर नेहमी सुटेच ठेवावे. झाकणाच्या आतल्या कंगोऱ्यात फिक्सर राहतो, म्हणून झाकणही प्रत्येक वेळी वेगळे धुवावे. प्लास्टिकवर चढलेल्या तपकिरी छटेची मात्र काळजी करू नये.

वाया गेलेल्या फिल्मचा हातभर तुकडा मी स्पायरलच्याच डब्यात ठेवतो. रोल उघडण्यापूर्वी उजेडात तो तुकडा स्पायरलवर पूर्ण चढवून पाहतो. एकदाही अडला, तर त्या दिवशी ते स्पायरल वापरत नाही.