कमोडोर ६४ घेताना: आधी अडॅप्टर तपासा

१९८२ साली आलेला कमोडोर ६४ हा घरगुती संगणक जुन्या बाजारात दिसला, तर विकणाऱ्याला लगेच ‘लावून दाखवा’ म्हणू नका. मूळ अडॅप्टर हाच या मशीनचा सर्वांत मोठा वैरी. आत राळ ओतून बंद केल्यामुळे तो तापतो, व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर निकामी होतो, ५ व्होल्टची लाइन वर चढते आणि रॅमच्या चिप जळतात.

अडॅप्टर मशीनला न जोडता प्लगवर मल्टिमीटर लावा. पिन ५ आणि २ मध्ये ५ व्होल्ट डीसी, ६ आणि ७ मध्ये साधारण ९ व्होल्ट एसी यायला हवं. डीसी ५.२५ च्या वर असेल, तर तो अडॅप्टर वापरूच नका. आकडा बरोबर आला तरी भरवसा नाही, कारण बिघाड तापल्यावरही होतो. सरळ नवा घ्यावा.

भाव ठरवण्याआधी मशीनच्या खालचे तीन स्क्रू काढून आत बघा. आवाजाची सिड चिप महाग, म्हणून ती बरेचदा आधीच काढलेली असते! तिचे दोन प्रकार: ६५८१ ला १२ व्होल्ट लागतात, ८५८० ला ९. अदलाबदल करू नका.

स्क्रीन काळाच राहिला, तर पहिला संशय पीएलए (कोणत्या वेळी कोणती चिप वापरायची हे ठरवणारी चिप) आणि रॅमवर. मिनिटभर चालू ठेवून बोट लावा: रॅमची एखादीच चिप चटका देत असेल, तर बहुधा तीच गेलेली.