जंगलातल्या धबधब्याची तयारी ओढ्यापासून करा

आडबाजूच्या जंगलातल्या धबधब्याला जाताना काय काय न्यावं, याच्या याद्या ढिगाने सापडतात. त्यांत वॉटरप्रूफ मोबाइल कव्हर हमखास असतं, ओढ्याचं मात्र नाव नसतं. खरं तर अशा धबधब्याची वाट एखादा तरी ओढा ओलांडल्याशिवाय सहसा पोचत नाही. सकाळी घोटाभर पाण्यातून हसतखेळत गेलेली मंडळी संध्याकाळी मांडीभर गढूळ पाण्यासमोर उभी असतात. तयारी करायची ती त्या संध्याकाळची. पाणी, खाऊ, टोपी तुम्ही घेणारच, त्यावर वेळ घालवत नाही.

१. नकाशावर ओढे मोजा. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. नेटवर्क नसलं तरी फोनचं जीपीएस चालतं, त्यामुळे एरोप्लेन मोडमध्ये ठेवून बॅटरी वाचवता येते. वाट किती ठिकाणी पाणी ओलांडते ते बघा आणि त्या पाण्याचा उगम कुठल्या डोंगरात आहे तेही बघा. पावसाचा अंदाज त्या वरच्या भागाचा पाहायचा. धबधब्यावर लख्ख ऊन असतानाही वर पडलेला पाऊस ओढा भरून आणतो.

२. परत फिरायची वेळ घरीच ठरवा. धबधबा दिसो वा न दिसो, त्या वेळेला पाठ फिरवायची. दाट झाडीत सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी अंधारतं. मागे राहणाऱ्या एका माणसाला वाट सांगून ठेवा आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागायची तेही सांगा. ही वेळ मुद्दाम सैल ठेवा. घरचे काळजी करत असतील या घाईपोटी माणसं नको त्या पाण्यात उतरतात.

३. वाटाड्याला नेमकं विचारा. ‘वाट माहीत आहे ना?’ याला कुणी नाही म्हणत नाही. ‘पाणी वाढलं तर परत कुठून येता?’ असं विचारा. ‘थांबतो’ म्हणणारा माणूस पक्का. ‘काही होत नाही’ म्हणणारा नको.

४. सॅक. एक कोरडा कपड्यांचा जोड ड्राय बॅगेत (पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीत), हेडलॅम्प, शिट्टी, आपत्कालीन फॉइल ब्लँकेट, एका जेवणाचं जास्तीचं खाणं, मजबूत काठी. जीन्स अजिबात नको. भिजली की जड होते, वाळत नाही आणि अंगातली ऊब खाते.

५. ओढा. इथे घाई नको. मला स्वतःला हे जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण पाण्याकडे बघताना आपण खोली बघतो आणि घात करतो तो वेग. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. म्हणून गुडघाभर संथ पाणी परवडलं, पण गुडघाभर धावतं पाणी नाही.

काठावर पोचलात की आधी ओल्या मातीत पाण्याच्या कडेला एक काडी खोचा. मग एक वाळकी काटकी प्रवाहात टाका आणि तिच्या बरोबरीने काठाने चाला. ती तुमच्या चालीच्या पुढे गेली तर पाण्यात उतरायचं नाही. पाणी गढूळ होतंय, पालापाचोळा आणि फांद्या वाहून येताहेत, तळातून दगड घरंगळल्याचा दबका आवाज येतोय, यातलं एक जरी दिसलं-ऐकू आलं तरी विषय संपला. मग काडीकडे बघा. तिच्या भोवती पाणी चढलेलं असेल तर मागे सरून उंचावर जा आणि बसा.

हो, बसा. पावसाने भरलेले छोटे ओढे जसे भरतात तसे पाऊस थांबल्यावर उतरतातही, बऱ्याचदा काही तासांत. कोरडे कपडे आणि जास्तीचं खाणं त्यासाठीच बरोबर घेतलंय. अंगावर ओले कपडे, पोटात काही नाही आणि डोक्यावर अंधार आला की शहाणी माणसंही ‘होऊन जाईल’ म्हणतात.

पाणी ओलांडण्याजोगं असेल तर पात्र रुंद आणि पाणी पसरट असेल तिथून जा. अरुंद जागा सोपी वाटते, पण तिथेच पाणी खोल आणि जोराचं असतं. पाय घसरला तर खाली काय आहे ते आधी बघा. खाली कडा, धबधबा किंवा आडवं पडलेलं झाड असेल तर ती जागा बाद. धबधब्याच्या माथ्यावरून तर कधीच नाही.

बूट काढून हातात धरायचा सल्ला देणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. शेवाळलेल्या गोट्यांवर अनवाणी पाय ठरत नाही, पायाला लागलं तर पुढची सगळी वाट लंगडत. बूट भिजू द्या. सॅकचे छातीचे आणि कमरेचे पट्टे उघडा, म्हणजे पडलात तर ती सोडून देता येईल. तोंड प्रवाहाकडे करा, काठी समोर रोवा आणि आडवे सरका. दोन पाय आणि काठी या तिघांपैकी एका वेळी एकच हलवायचं. कमरेला दोर बांधणं ही सगळ्यात वाईट युक्ती. पडलात की दोर ताणतो आणि प्रवाह तुम्हाला पाण्याखाली दाबून ठेवतो.

वाहून जाऊ लागलात तर धावत्या पाण्यात उभं राहायची धडपड करू नका. पाऊल दगडांच्या फटीत अडकलं तर पाणी वरून आडवं करतं. उताणे व्हा, पाय पुढे आणि पृष्ठभागाजवळ ठेवा, हाताने काठाकडे सरका.

६. डोह. धारेखाली उभं राहू नका, वरून दगडही येतात. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने माणूस नीट तरंगत नाही. डोहात उडी नाही. खोली माहीत असली तरी नाही, कारण पुराने आणलेले ओंडके तळाशी असतात.

७. परतल्यावर. पाय, बोटांमधल्या फटी आणि कंबर तपासा. जळू चिकटली असेल तर मीठ किंवा काडेपेटी नको. नखाने आधी तिचं निमुळतं टोक आणि मग दुसरं टोक सरकवून सोडवा. जखम बराच वेळ वाहते, कारण जळू रक्त गोठू देत नाही. साबणाने धुऊन दाबून धरा. पुढच्या महिनाभरात ताप, अंगदुखी किंवा डोळ्यांत लाली आली तर डॉक्टरांना जंगलातल्या पाण्यात उतरलो होतो हे स्वतःहून सांगा. लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे प्राण्यांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचा, संशय त्यावरून लवकर घेता येतो.