थरच्या वाळवंटाची जिन घरी कशी मुरवाल

उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकली की पाण्याला येणारा वास आपल्या ओळखीचा आहे. राजस्थानात याच वाळ्याला खस म्हणतात. तिथे दारांना त्याचे पडदे लावून वर पाणी शिंपडायची जुनी रीत आहे, म्हणजे बाहेरची लू आत येताना गार होते आणि घमघमते. जिन म्हणजे जुनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा वास असलेलं मद्य. थरच्या वाळवंटाची जिन करायची तर माझ्या मते वाळ्याचा वास धरून करावी.

आधी एक गोष्ट पक्की करा: घरी दारू गाळायची नाही. तो गुन्हा आहे, आणि चुकीच्या गाळपातल्या मिथेनॉलने डोळे जातात, जीवही जातो. आपण परवानाधारक दुकानातून आणलेल्या व्होडकात मसाले मुरवणार आहोत. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत आणि परवानाही लागतो. मुरवलेली बाटली विकायची नाही. गरोदरपणात किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर जुनिपर टाळा, म्हणजे ही जिनच नको.

७५० मिली साधी, कोणताही स्वाद नसलेली व्होडका घ्या (आपल्याकडे ती बहुधा ४२.८ टक्क्यांची असते). बाकीचं सामान असं:

- जुनिपरची सुकी फळं १५ ग्रॅम
- धणे दीड चमचा, बडीशेप पाव चमचा
- कबाबचिनी ५ दाणे, ज्येष्ठमधाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा
- सुकी सांगरी ६-७ शेंगा
- वाळा २ ग्रॅम, म्हणजे चिमटीत मावेल इतकाच
- संत्र्याची साल, देशी गुलाबाच्या थोड्या सुक्या पाकळ्या

जुनिपरशिवाय जिन होतच नाही, तिचं नावच त्या फळावरून पडलं आहे. आयुर्वेदात त्याला हपुषा म्हणतात. मात्र जुनिपरच्या काही जाती विषारी असतात, म्हणून रानातून आणलेली फळं नकोत. खाण्यासाठी म्हणून विकलं जाणारं पाकीटच घ्या.

सांगरीबद्दल थोडं सांगायलाच हवं. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपण दसऱ्याला पूजतो ती शमी. दुष्काळात थरमधली माणसं आणि गुरं या झाडाने जगवली आहेत. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात ही झाडं तुटू नयेत म्हणून गावातल्या अमृतादेवींसह बिश्नोई समाजाच्या ३६३ जणांनी प्राण दिले. शेंगेला वास फारसा नसतो, पण कोरड्या तव्यावर मंद आचेवर डाग पडेपर्यंत भाजली की भाजक्या दाण्यांसारखी खमंग चव उतरते. मला ती या जिनमध्ये हवीच असते.

आता कृती. काचेची रुंद तोंडाची बरणी उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. प्लास्टिक नको. जुनिपरची फळं बत्त्याने नुसती दाबून फोडा, पूड करू नका. पूड झाली की कडवटपणा येतो आणि गाळताना जीव जातो. फळं, धणे, बडीशेप, कबाबचिनी, ज्येष्ठमध आणि गार झालेली सांगरी बरणीत टाका, वर व्होडका ओता आणि अंधाऱ्या कपाटात २४ तास ठेवा. मधे दोनदा हलवा.

दुसऱ्या दिवशी वाळ्याची पाळी. मुळं दोन-तीन पाण्यांनी नीट धुवा. त्यांत माती असतेच. उन्हात वाळवून मग बरणीत सोडा. सोबत संत्र्याची साल टाका, पण आतला पांढरा भाग खरवडून. चौथ्या तासापासून दर तासाला चमचाभर चाखत राहा. मद्यात वाळा पाण्यापेक्षा फार लवकर उतरतो. पहिल्या खेपेला मी तो रात्रभर ठेवला होता, तर सगळ्या बाटलीला ओल्या मातीचा वास लागला आणि जुनिपर कुठे सापडेना. ६ तास बहुतेकदा पुरतात. पाकळ्या शेवटच्या तासाला टाका.

गाळताना आधी मलमलच्या कापडातून गाळा, मग कॉफीच्या कागदी फिल्टरमधून सावकाश. कापड पिळू नका. रंग पिवळसर, फिक्या चहासारखा येईल. भट्टीत गाळलेल्या जिनमध्ये वाफेबरोबर रंग वर चढत नाही म्हणून ती पाण्यासारखी दिसते, आपली मुरवलेली आहे. ‘जैसलमेर’ नावाची भारतीय क्राफ्ट जिन भट्टीत गाळलेली. नाव वाळवंटाचं असलं तरी ती उत्तर प्रदेशात रामपूरला बनते. तिच्यातही वाळा आहे, तेव्हा वासाची तुलना करून बघायला ती चांगली.

बाटलीवर तारीख लिहून दोन दिवस शांत राहू द्या. सुरुवातीचा तिखटपणा बसतो.

देताना ४५ मिली जिन, भरपूर बर्फ आणि वर साधा सोडा. जिनसोबत नेहमी घेतात त्या कडवट टॉनिक वॉटरचा कडूपणा वाळ्याला झाकतो, म्हणून मी ते घेत नाही. सोडा ओतल्यावर पेला किंचित धुरकट झाला तर घाबरू नका. बडीशेपेतलं तेल मद्यात विरघळतं, पाणी वाढलं की ते बारीक थेंबांनी वेगळं होतं. शेवटी वाळ्याचं एक स्वच्छ धुतलेलं मूळ पाण्यात भिजवून पेल्यात उभं ठेवा, म्हणजे पहिल्या घोटाआधी वास नाकाशी पोचतो.